सहा पुस्तकांचा करार : अगाथा ख्रिस्ती यांच्या लेखनव्यवसायातले एक प्रकरण

प्रसंग

जॉन लेन हे लंडनमधले नावाजलेले प्रकाशक. व्हिगो स्ट्रीटवर त्यांच्या 'द बॉडली हेड' या संस्थेची कचेरी होती. १९१९ साली त्यांनी एका नवख्या लेखिकेला पत्र पाठवून भेटायला बोलावले. तिने आपली रहस्यकादंबरी त्यांच्याकडे पाठवली त्याला दोन वर्षे होत आली होती. त्याआधी इतर प्रकाशकांकडून ती साभार परत आली होती. लेन यांच्याकडूनही आता काही कळणार नाही असे धरून ती संसाराला लागली होती. नवरा युद्धावरून परतलेला, ऑगस्टमध्ये मुलगी झालेली.

लेन यांनी पुस्तक छापायची तयारी दाखवली. काही दुरुस्त्या सुचवल्या, शेवटचे प्रकरण नव्याने लिहायला सांगितले आणि कराराचा कागद पुढे ठेवला. आपले पुस्तक छापून येणार या आनंदात तिने तो नीट वाचलाही नाही. सही केली आणि ती बाहेर पडली.

ही लेखिका म्हणजे अगाथा ख्रिस्ती. पुढे त्यांच्या नावावर ६६ रहस्यकादंबऱ्या जमा झाल्या. पण त्या दिवशी त्यांच्या हातात एकच होती, 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'.

करारातल्या अटी अशा होत्या. पहिल्या २००० प्रती खपेपर्यंत लेखिकेला काही मिळणार नाही. त्यानंतरच्या प्रतींवर १० टक्के रॉयल्टी. वर्तमानपत्रात किंवा मासिकात क्रमशः छापण्याचे आणि नाटक करण्याचे हक्क विकले गेले तर अर्धी रक्कम प्रकाशकाची. आणि सगळ्यात जड अट म्हणजे पुढची पाच पुस्तके याच प्रकाशकाकडे द्यायची, दरात थोडीशीच वाढ घेऊन. या करारातून मोकळे व्हायला १९२५ साल उजाडले.

अगाथाबाईंच्या कारकिर्दीवर लिहिताना लोक बहुधा १९२६ मधल्या त्यांच्या बेपत्ता होण्यावर तरी थांबतात किंवा त्यांच्या कथानकांच्या बांधणीवर. मला या कराराची वर्षे फार महत्त्वाची वाटतात. हौसेने लिहिणारी बाई पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून लिहायला शिकली त्याची सुरुवात याच वर्षांत झाली. पहिले हस्तलिखित घेऊन प्रकाशकाकडे निघालेल्या प्रत्येक मराठी लेखकाने हे प्रकरण बारकाईने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

त्याआधीची गोष्ट

जन्म १५ सप्टेंबर १८९०, डेव्हनमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावी. घराचे नाव अ‍ॅशफील्ड. वडील अमेरिकन, खाऊनपिऊन सुखी. पण १९०१ मध्ये ते वारले तेव्हा घरची पुंजी आटत आलेली होती. अगाथाबाईंनी युद्धापूर्वीच एक कादंबरी लिहिली होती, कैरोत घडणारी. शेजारी राहणारे कादंबरीकार ईडन फिलपॉट्स यांनी ती वाचून आपुलकीने सल्ला दिला आणि ह्यूज मॅसी या साहित्यिक एजंटकडे पाठवले. मॅसींनी ती परत केली. या मॅसींचे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

थोरली बहीण मॅज हिने एकदा पैज मारल्यासारखे म्हटले होते की तुला काही रहस्यकथा लिहिता यायची नाही. ते मनात राहिले. पहिल्या महायुद्धात अगाथाबाई टॉर्कीच्या रेडक्रॉस रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि मग तिथल्या औषधालयात काम करू लागल्या. औषधांच्या बाटल्या भोवती, कधी कामाचा रेटा तर कधी तासन् तास रिकामे. विषप्रयोगाची कथा तिथेच सुचली. टॉर्कीत तेव्हा बेल्जियमहून आलेले निर्वासित राहत होते, म्हणून गुप्तहेर बेल्जियन झाला. १९१६ मध्ये डार्टमूरवर हेटॉरच्या हॉटेलात सुट्टी घेऊन त्यांनी कादंबरी पुरी केली.

औषधालयाच्या दिवसांतला एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. परीक्षेच्या तयारीसाठी त्या गावातल्या एका अनुभवी औषधविक्रेत्याकडे शिकायला जात. एकदा गुदमार्गे द्यायच्या औषधाच्या वड्या करताना त्या गृहस्थांचे दशांशचिन्ह चुकले. औषध दहापट पडले. अगाथाबाईंच्या ते लक्षात आले. त्यांना तोंडावर चूक दाखवली तर ते मानणार नाहीत हेही त्यांना ठाऊक होते. त्यांनी ठेच लागल्याचे निमित्त केले, वड्यांचा ट्रे पाडला आणि वरून त्यावर पाय दिला. माफी मागितली. वड्या पुन्हा कराव्या लागल्या.

औषधाच्या हिशेबात एवढी तीक्ष्ण नजर असलेली बाई स्वतःच्या पुस्तकाचा करार न वाचता सही करते, हे मला अजिबात विचित्र वाटत नाही. औषध हे काम होते. लेखन अजून काम झालेले नव्हते. पुस्तक निघणे हेच बक्षीस, पैसे हा नंतरचा विषय, अशीच त्या वेळी त्यांची समजूत होती. आपल्याकडेही पहिल्या पुस्तकाच्या वेळी बहुतेकांची हीच समजूत असते.

हिशेब

इंग्लंडमध्ये 'स्टाइल्स' जानेवारी १९२१ मध्ये निघाले (अमेरिकेत थोडे आधी, १९२०च्या ऑक्टोबरात). किंमत साडेसात शिलिंग, म्हणजे ९० पेन्स (तेव्हा शिलिंगाचे १२ पेन्स आणि पौंडाचे २४० पेन्स होत). १० टक्क्यांनी एका प्रतीमागे ९ पेन्स. २००० प्रतींचे होतात १८,००० पेन्स, म्हणजे ७५ पौंड. करारातल्या पहिल्या अटीने प्रकाशकाचे वाचवले ते एवढे.

प्रकाशकाच्या बाजूनेही पाहायला हवे. नाव नसलेली लेखिका, युद्धानंतरचे दिवस, कागद-छपाई-बांधणीचा खर्च आधी करायचा आणि प्रती पडून राहिल्या तर नुकसान एकट्याचे. पहिली आवृत्ती खर्चापुरती धरणे यात तसे गैर काही नाही. जॉन लेन हे काही लुबाडणारे दुकानदार नव्हते. १८९० च्या दशकात 'यलो बुक' हे गाजलेले नियतकालिक त्यांनीच काढले होते. चांगले पुस्तक ओळखण्याची नजर त्यांना होती, आणि जोखीम घ्यायची तयारीही.

आणि ती नजर होती म्हणूनच पाच पुस्तकांची अट आली. पहिल्या पुस्तकात पैसे नाहीत हे लेन यांना कळत होते. ही बाई पुढे चालणार असा त्यांचा अंदाज होता. जोखीम एका पुस्तकाची होती, तिच्या बदल्यात सहा पुस्तके बांधून घेतली. माझा आक्षेप आहे तो इथे. पहिली अट जोखमीची भरपाई म्हणून समजून घेता येते. ही अट मात्र लेखिकेच्या अजाणतेपणावर उभी होती.

प्रत्यक्षात 'स्टाइल्स'च्या पहिल्या आवृत्तीच्या जवळजवळ २००० प्रती खपल्या. म्हणजे रॉयल्टी सुरू व्हायची ती रेघ ओलांडली गेलीच नाही. हातात पडले ते २५ पौंड. 'टाइम्स'च्या साप्ताहिक आवृत्तीने क्रमशः छापण्यासाठी दिलेल्या ५० पौंडांतला अर्धा वाटा.

शेवटचे प्रकरण

लेन यांनी एक फार मोठी गोष्ट मात्र दिली, आणि तिचा उल्लेख कोणत्याही करारात नाही.

मूळ हस्तलिखितात रहस्याचा उलगडा न्यायालयात होत होता. तो बेल्जियन गुप्तहेर, हर्क्यूल पॉयरो, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि सगळे प्रकरण उलगडून सांगतो. लेन यांनी हे चालणार नाही म्हणून सांगितले. खऱ्या न्यायालयात साक्षीदाराला असे लांबलचक भाषण कोणी करू देणार नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, पुढचा प्रश्न येईपर्यंत थांबायचे, मधेच समोरच्या वकिलाची हरकत. अगाथाबाईंना न्यायालयाच्या कामकाजाची माहिती नव्हती हे त्या प्रकरणावरून उघड दिसत होते. त्यांनी ते पुन्हा लिहिले. आता पॉयरो घरातल्या सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, एकेकावरचा संशय उभा करतो आणि बाजूला सारतो, आणि शेवटी एका माणसाशी येऊन थांबतो.

ख्रिस्ती म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ती ही बैठक. आगगाडीचा डबा असो, नाइल नदीवरची बोट असो, शेवटी सगळे एका जागी बसतात आणि एक माणूस बोलू लागतो. पहिल्या मसुद्यात ती नव्हतीच. न्यायालयातले ते जुने प्रकरण टिकून राहिले आणि ख्रिस्तींचे अभ्यासक जॉन करन यांनी २०११ मध्ये छापले, म्हणून आज दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. पुरावे तेच आहेत, तर्क तोच आहे. बदलले आहेत ते ऐकणारे. न्यायालयात पॉयरो न्यायाधीशाला आणि पंचांना सांगतो, त्या बाहेरच्या माणसांना. दिवाणखान्यात तो त्याच माणसांना सांगतो ज्यांच्यातला एक खुनी आहे. प्रत्येक वाक्याला कोणाचा तरी चेहरा पडतो, कोणी तरी सुटकेचा श्वास टाकतो. वाचकही त्यांच्यातच बसलेला असतो. (या पुस्तकातले विष नेमके कसे काम करते हेही सांगण्याजोगे आहे, औषधनिर्मितीच्या क्षेत्रातल्या एका नियतकालिकाने त्यातल्या अचूकपणाची वाखाणणी केली होती. पण ज्यांनी अजून वाचले नसेल त्यांचा आनंद मी हिरावून घेणार नाही.)

म्हणून या करारावर एकतर्फी निकाल देता येत नाही. ज्या माणसाने ७५ पौंड राखून ठेवले आणि पाच पुस्तके बांधून घेतली, त्याच्याच एका सूचनेवर पुढची पन्नास वर्षे उभी राहिली. मराठीत संपादनाचे काम गांभीर्याने करणारे प्रकाशक थोडे आहेत, आणि ज्या लेखकांना ते लाभले त्यांना त्याचे मोल ठाऊक असते. पण संपादकाचे ऋण मानायचे म्हणून हक्क सोडायचे, ही सांगड चुकीची आहे. ऋण मानावे आणि हक्कही राखावेत.

कराराच्या आत

सुरुवातीला तर अगाथाबाईंचा दुसरे पुस्तक लिहायचाच विचार नव्हता. बहिणीला लिहून दाखवले, पुस्तक निघाले, झाले. पण अ‍ॅशफील्डचा खर्च आईला झेपेनासा झाला. घर विकावे असे आर्ची ख्रिस्तींनी सुचवले. ते बायकोला रुचेना, तेव्हा मग आणखी एक पुस्तक लिही, कदाचित बरे पैसे मिळतील, असे तेच म्हणाले. तिथून 'द सीक्रेट अ‍ॅडव्हर्सरी' आले (१९२२). रहस्यकथेऐवजी हेरकथा आली म्हणून लेन फारसे खूश नव्हते, तरी छापले.

याच वर्षी नवराबायको ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाच्या प्रचारमोहिमेबरोबर जगप्रवासाला गेले, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा. परत आल्यावर 'द स्केच' या साप्ताहिकाचे संपादक ब्रूस इंग्राम यांनी पॉयरोच्या बारा कथा मागितल्या. त्या १९२३ मध्ये छापून आल्या आणि नाव घरोघरी पोचले. मागणी आली ती पॉयरोची, हे मात्र ध्यानात घ्यावे. अगाथाबाईंनी त्याला पहिल्याच पुस्तकात निवृत्त, वयस्क दाखवून ठेवला होता. हा माणूस आपल्याला जन्मभर पुरवायचा आहे हे माहीत असते तर त्याला तरुण ठेवला असता, असे त्या पुढे म्हणत. त्याचा सोबती हेस्टिंग्ज याचा कंटाळा आल्यावर त्यांनी त्याचे लग्न लावून त्याला अर्जेंटिनाला पाठवून दिले. पॉयरोला पाठवता आले नाही.

प्रकाशकाशी खटके उडू लागले ते सुरुवातीला पैशांवरून नव्हे. 'स्टाइल्स'मध्ये कोको हे पेय महत्त्वाचे आहे. बॉडली हेडमध्ये शुद्धलेखन पाहणाऱ्या बाईंचा आग्रह असा की त्या शब्दातले शेवटचे 'ए' हे अक्षर काढायचे, संस्थेचा नियमच तसा आहे. अगाथाबाईंनी कोकोचे डबे नेऊन दाखवले, शब्दकोश दाखवले. उपयोग झाला नाही. चुकीचेच छापले गेले. नंतर 'द मर्डर ऑन द लिंक्स'च्या (१९२३) मुखपृष्ठावर पायजमा घातलेला एक माणूस गोल्फच्या मैदानावर झटका येऊन मरताना दाखवला होता. कथेत तर त्या माणसाच्या अंगावर नीट कपडे होते आणि त्याला सुरा मारलेला होता. रहस्यकथेचे मुखपृष्ठ खोटी माहिती देते म्हणजे वाचकाची फसवणूक, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता. बरीच वादावादी झाल्यावर, पुढे मुखपृष्ठ आधी लेखिकेला दाखवायचे, असे ठरले.

माझ्या दृष्टीने कलाटणी इथे आहे. कोकोच्या वेळी त्या हरल्या, मुखपृष्ठाच्या वेळी त्यांनी पुढच्या सगळ्या पुस्तकांसाठी एक हक्क मिळवला. कथासंग्रह निघायच्या वेळी तो करारातल्या पुस्तकांत मोजायचा की नाही यावर पत्रव्यवहार झाला, तेव्हा त्यांच्या पत्रांत नवखेपणा उरलेला नव्हता. ज्या कागदावर न वाचता सही केली होती त्यातले कलम अन् कलम आता त्यांना पाठ होते.

एजंट आला तो मात्र करामुळे. प्राप्तिकर खात्याने लेखनाच्या मिळकतीचा हिशेब मागितला. अगाथाबाईंनी कसलीही नोंद ठेवलेली नव्हती, कारण ही मिळकत मोजण्यासारखी आहे असे त्यांच्या मनातही आले नव्हते. त्या ह्यूज मॅसींच्या कचेरीत गेल्या. मॅसी वारले होते. तिथे एडमंड कॉर्क नावाचे तरुण गृहस्थ भेटले, बोलताना थोडे अडखळणारे. त्यांनी बॉडली हेडचा करार वाचला आणि ते थक्क झाले. करार मोडायच्या फंदात न पडता ठरलेली पुस्तके देऊन टाकायची आणि तोवर पुढची सोय लावून ठेवायची, हा मार्ग ठरला. कॉर्क पुढे अगाथाबाईंच्या अखेरपर्यंत त्यांचे व्यवहार पाहत राहिले. आपल्याकडे साहित्यिक एजंट हा पेशा रुजलाच नाही. लेखक स्वतः बोलणी करतो, आणि ज्याच्याशी घसट आहे त्याच्याशी पैशांचे बोलायला संकोचतो. कॉर्कसारखा माणूस मधे असला की हा संकोच उरत नाही. दहा टक्के दलाली देऊनही लेखक फायद्यात राहतो.

सुटका

१९२४ मध्ये विल्यम कॉलिन्स या संस्थेशी तीन पुस्तकांचा करार झाला, प्रत्येक पुस्तकाला २०० पौंड आगाऊ. जुन्या ९ पेन्सांच्या दराने २०० पौंड मिळायला ५,३०० हून जास्त प्रती खपाव्या लागल्या असत्या, आणि त्याही पहिल्या २००० सोडून. त्याच सुमारास 'इव्हनिंग न्यूज' या दैनिकाने 'द मॅन इन द ब्राउन सूट' क्रमशः छापण्यासाठी ५०० पौंड देऊ केले. चार वर्षांपूर्वी याच कामाचे हातात २५ आले होते. त्या पैशांतून त्यांनी करड्या रंगाची मॉरिस काउली मोटार घेतली. स्वतःच्या कमाईच्या त्या गाडीचा आनंद किती होता हे त्यांनी म्हातारपणी भरभरून लिहिले आहे.

वर्तमानपत्रातला हक्क आणि पुस्तकाचा हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि पुष्कळदा पहिलीच महाग असते, हे त्यांना या व्यवहारात कळले. मराठीत कथा आधी दिवाळी अंकात येते, मग संग्रहात, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पण आता श्राव्य पुस्तक, वेब मालिका, इतर भाषांतले अनुवाद अशी कलमे करारात असतात आणि 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क' अशा एका ओळीत ती निघून जातात. ती ओळ दिसली की पेन खाली ठेवावे.

१९२५ मध्ये 'द सीक्रेट ऑफ चिमनीज' देऊन बॉडली हेडचे सहावे पुस्तक पुरे झाले. कॉलिन्सकडे गेलेले पहिले पुस्तक होते 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६), ज्यावर आजही वाचक हिरिरीने वाद घालतात. लेन वर्षभर आधी, १९२५ मध्येच वारले होते. त्यांच्या संस्थेने पाच वर्षे सांभाळलेल्या लेखिकेचे सर्वांत गाजलेले पुस्तक दुसऱ्याच्या घरी गेले. अटी वेळेवर सैल केल्या असत्या तर लेखिका थांबली असती का, हे सांगता येत नाही. पण बांधून ठेवल्याने ती थांबली नाही, एवढे दिसले. त्यानंतर आयुष्यभर त्या कॉलिन्सबरोबर राहिल्या.

१९२६ आणि नंतर

एप्रिलमध्ये आई गेली. नवऱ्याने दुसरीवर प्रेम असल्याचे सांगितले. ३ डिसेंबरच्या रात्री त्या घरातून निघून गेल्या, तीच मॉरिस गाडी न्यूलँड्स कॉर्नरजवळ सापडली, आणि १४ डिसेंबरला त्या हॅरोगेटच्या हॉटेलात दुसऱ्या नावाने राहत असलेल्या सापडल्या. याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या काही महिन्यांविषयी.

घटस्फोट समोर, मुलगी लहान, लिहायचे बळ नाही, आणि प्रकाशकाला पुस्तक द्यायचे ठरलेले. दीर आधी मदतीला आला आणि 'स्केच'मधल्या जुन्या कथा जोडून 'द बिग फोर' उभे राहिले. मग कॅनरी बेटांवर बसून त्यांनी 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' ओढत ओढत पुरे केले. ते पुस्तक त्यांना कधीच आवडले नाही. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की हौशी लेखिकेची व्यावसायिक लेखिका आपण या ठिकाणी झालो: मन नसताना, लिहिलेले आवडत नसताना, विशेष चांगले उतरत नसतानाही लिहिणे हे ओझे आपण तेव्हा पत्करले.

त्यांच्या शब्दाला मी मान देतो, पण पूर्ण सहमत नाही. त्यांनी सांगितलेली ही व्यावसायिकता मेजावरची आहे. तिची व्यवहाराची बाजू आधीच, बॉडली हेडच्या वर्षांत तयार झाली होती. १९२७ मध्ये ती तयार नसती, कॉर्क नसते, आगाऊ रकमेचा करार नसता, तर त्या हताश अवस्थेत पुस्तक पुरे करायला भाग पाडणारे आणि पुरे केल्यावर पोट भरणारे काही उरले नसते.

१९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी लग्न झाले, आणि त्यापुढच्या दहा वर्षांत त्यांची बहुतेक उत्तम पुस्तके आली. त्याच वर्षापासून मेरी वेस्टमॅकॉट या नावाने त्या रहस्याविनाच्या कादंबऱ्याही लिहू लागल्या. एकूण सहा लिहिल्या, आणि ते नाव कोणाचे हे १९४९ पर्यंत गुप्त राहिले. पॉयरोशिवाय काही लिहायची मुभा त्यांनी स्वतःसाठी अशी काढून घेतली.

हक्कांचा सांभाळ

खप वाढला म्हणून चिंता संपली नाही. १९३८ च्या सुमारास अमेरिकेच्या कर खात्याने मागच्या मिळकतीवर दावा लावला. तिथले पैसे अडकून पडले आणि ब्रिटनमध्ये त्याच उत्पन्नावर कराची मागणी आली. युद्धाच्या काळात इंग्रजी वाचणाऱ्या जगात ज्यांची पुस्तके सर्वत्र खपत होती त्या बाईंना घरखर्चाची काळजी होती. त्यांनी बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत दोन हस्तलिखिते लिहून ठेवली, एक पॉयरोची शेवटची कथा, दुसरी त्यांच्या दुसऱ्या गाजलेल्या पात्राची, रहस्ये उलगडणाऱ्या वयस्क मिस मार्पलची. पहिलीचे हक्क मुलगी रोझालिंडला, दुसरीचे मॅक्सना रीतसर देऊन टाकले. हल्ल्यात आपण गेलोच तर दोघांच्या हातात काही तरी असावे म्हणून. ती छापली गेली १९७५ आणि १९७६ मध्ये.

'द माउसट्रॅप' या नाटकाचे हक्क त्यांनी नातू मॅथ्यूला भेट दिले, तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. २५ नोव्हेंबर १९५२ पासून लंडनमध्ये ते नाटक होत आले आहे. कोविडच्या बंदीत काय तो खंड पडला. १९५५ मध्ये अगाथा ख्रिस्ती लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. लेखिका स्वतःच्याच कंपनीची पगारी नोकर झाली, हक्क कंपनीचे. १९६८ मध्ये बुकर मॅकॉनेल या कंपनीने तिचा ५१ टक्के हिस्सा घेतला. हीच ती बुकर, जिने १९६९ पासून कादंबरीचे पारितोषिक सुरू केले. लेखकांचे हक्क विकत घेणाऱ्या तिच्या विभागात ख्रिस्ती होत्या, त्याआधी इयान फ्लेमिंग आले होते. रहस्यकथेला दुय्यम मानणाऱ्यांना ही गोष्ट मी नेहमी सांगतो: गंभीर कादंबरीचा सर्वांत प्रतिष्ठेचा सन्मान देणाऱ्या कंपनीच्या पुस्तकव्यवहारात रहस्यकथेच्या वाचकांचा पैसा होता.

आणि 'स्टाइल्स'? जॉन लेन यांचे नातलग अ‍ॅलन लेन १९१९ मध्येच बॉडली हेडमध्ये उमेदवारीला लागले होते. १९३५ मध्ये त्यांनी सहा पेन्सांची पेंग्विन मालिका काढली. पहिल्या दहा पुस्तकांत 'स्टाइल्स' होते. १९४८ मध्ये पेंग्विनने ख्रिस्तींची दहा पुस्तके प्रत्येकी एक लाख प्रतींनी एकदम बाजारात आणली.

अगाथाबाई १२ जानेवारी १९७६ रोजी वारल्या. करारातली सहाही पुस्तके अमेरिकेत आता हक्कमुक्त आहेत, कारण तिथे त्या काळच्या पुस्तकांची मुदत प्रकाशनवर्षापासून मोजतात. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, म्हणजे २०४६ अखेरपर्यंत हक्क चालतात. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे. त्यामुळे पुण्यात किंवा दादरला बसून कोणी 'स्टाइल्स'चा मराठी अनुवाद करायला घेतला, तर अमेरिकन संकेतस्थळावर मूळ पुस्तक फुकट मिळते यावर विसंबून चालणार नाही. २०३६ च्या ३१ डिसेंबरपर्यंत परवानगी घ्यावी लागेल, आणि परवानगीचा जो करार येईल तो सही करण्यापूर्वी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा लागेल.